एकशे त्रेचाळीसाव्या पानानंतर

“ही बरी की ही?” मी विचारलं, आणि खुर्चीतल्या गृहस्थांनी उत्तर द्यायच्या आत खिशातला फोन थरथरला. चष्म्याचा नंबर काढताना फोन बघायचा नाही हा माझा स्वतःचाच नियम. गेल्या अकरा महिन्यांत तो मी इतक्यांदा मोडला होता की त्याला नियम म्हणायची मलाच लाज वाटत होती. गृहस्थांच्या नाकावर ती जड, गोल, तपासणीची फ्रेम, तिच्यात मी बसवलेल्या दोन काचा, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता. ते म्हणाले, “परत दाखवा.” मी उजव्या हाताने काच फिरवली आणि डाव्या हाताने फोन काढला. पुस्तकांच्या ॲपवर निरोप होता. निरोप म्हणजे अभिप्राय आणि अभिप्राय म्हणजे पाच तारे, एवढं माझ्या बोटांनाही पाठ झालं होतं. पण तारे नव्हते. एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, ‘नमस्कार. तुमची कादंबरी वाचली. पान एकशे त्रेचाळीसवर “तिने दार उघडलं आणि” इथे पुस्तक थांबतं. माझ्या फोनमध्ये बिघाड आहे की पुस्तक एवढंच आहे? एवढंच असेल तर ठीक. नसेल तर पुढे काय झालं ते कळवावं. तक्रार नाही, चौकशी आहे.’ “दुसरी,” गृहस्थ म्हणाले. मी विचारलं, “कुठली दुसरी?” तेव्हा त्यांनी फ्रेमच्या आडून माझ्याकडे असं पाहिलं, की डोळे नक्की कुणाचे तपासायचे आहेत असा त्यांना प्रश्न पडला असावा. मी सगळं पुन्हा पहिल्या काचेपासून सुरू केलं. माझी कादंबरी एकशे एक्याऐंशी पानांची आहे.

गृहस्थ फ्रेमी बघायला बाहेर गेले आणि मी त्या अंधाऱ्या खोलीत ग्राहकाच्या खुर्चीत बसून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पुस्तक ॲपवर उघडलं. हे कुणाला खरं वाटणार नाही, पण ज्याने स्वतःचं पुस्तक स्वतःच छापलं किंवा चढवलं आहे त्याला वाटेल. पंचवीस वेळा तपासलेल्या मजकुरात सव्विसाव्या वेळी चूक सापडतेच, आणि ती जगासमोर गेल्यावर सापडली तर माणूस झोपू शकत नाही. त्यापेक्षा न बघितलेलं बरं. मुखपृष्ठ मात्र मी रोज बघत होतो, दिवसातून तीस-चाळीस वेळा, आणि त्याखालचे आकडे. इतक्या जणांनी पाहिलं, इतक्या जणांनी उघडलं. आता मी पानं सरकवत गेलो, वाचत नव्हतो, आणि एकशे त्रेचाळीसवर अंगठा सरकेचना. तिने दार उघडलं आणि. खाली पांढरं. त्याखाली ‘ही कादंबरी आवडली का? लेखकाला कळवा.’ मला लगेच कळलं काय झालं होतं ते. शेवटची दोन प्रकरणं मी घरी नाही, दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिहिली होती, ग्राहक नसतील तेव्हा, ‘फ्रेमींचा साठा’ असं नाव दिलेल्या फाइलमध्ये, म्हणजे मालकांना संशय येऊ नये. घरच्या फाइलला ती जोडायची राहिली. मालकांना संशय आला नाहीच, पण अडतीस पानं अजूनही साठ्यातच पडून होती.

आणि अकरा महिन्यांत अभिप्राय किती, तर त्रेचाळीस. सगळे पाच तारे. मी ते पुन्हा काढून वाचले, या वेळी खाली मान घालून. ‘शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी.’ ‘शेवट अनपेक्षित तरीही अपरिहार्य.’ आमच्या मंडळातल्या भूलतज्ज्ञांनी लिहिलं होतं, ‘शेवट वाचून डोळे पाणावले.’ जो शेवट पुस्तकात नव्हताच तो वाचून त्यांचे डोळे पाणावले होते. मंडळ म्हणजे ॲपवरच्या आम्हा लेखकांचं परस्पर वाचन मंडळ. कुठल्याही प्रकाशकाने दारात उभं न केलेले आम्ही चव्वेचाळीस जण. तिथल्या ताई, म्हणजे मंडळ चालवणाऱ्या, आम्ही सगळेच त्यांना ताई म्हणतो, दर सोमवारी एक पुस्तक जाहीर करतात आणि रविवारपर्यंत सगळ्यांनी ते वाचून अभिप्राय द्यायचा. म्हणजे त्रेचाळीस अभिप्राय हे बरोबर त्रेचाळीस सभासदांचे. मंडळाबाहेरचा एकही नाही. हे मला आधीही माहीत होतं, पण माहीत असणं आणि दिसणं यात फरक असतो, रोज लोकांच्या नाकावर काचा चढवून मी तोच तर फरक दाखवतो. रागावू तरी कुणावर? माझी स्वतःची एक ठरलेली पद्धत होती. पहिलं प्रकरण पूर्ण, मधलं एखादं पान, एका पात्राचं नाव लक्षात ठेवायचं आणि शेवटी लिहायचं, ‘शेवट चटका लावून जातो.’ चाळीस पुस्तकांच्या शेवटांनी मला असा चटका लावला होता, आणि त्यांतला एकही मी वाचला नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या माझे कान गरम झाले. आणि खोटं कशाला सांगू, त्या शरमेच्या खाली, अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी उड्या मारत होतं. कुणीतरी एकशे त्रेचाळीस पानं वाचली होती. एकेक ओळ वाचत, कुणीही भाग पाडलेलं नसताना, शेवटच्या ‘आणि’पर्यंत येऊन थांबलं होतं, आणि पुढे काय म्हणून विचारत होतं.

आई चाळीस वर्षांची असताना तिला पहिल्यांदा चष्मा लागला. लागला म्हणजे तेव्हा कळलं. डोळे जन्मापासूनच अधू असणार. शाळेत फळा दिसायचा नाही, बाईंनी ‘ढ’ ठरवलं, चौथीनंतर घरच्यांनी शाळेतून नाव काढलं. मी तेव्हा सतरा वर्षांचा, मीच तिला ओढत चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो होतो. चष्मा लावून ती घरी आली, उंबऱ्यातच थांबली आणि भिंतीकडे बघत राहिली. मला वाटलं आता हिला आनंदाने रडू येणार. ती म्हणाली, “घर एवढं मळकट आहे आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?” मग पदर खोचून तिने दोन दिवस भिंती घासल्या, कोपरे खरवडले, डब्यांची झाकणं उकळत्या पाण्यात टाकली, आणि त्या दोन दिवसांत आम्हा कुणाशी एक शब्द बोलली नाही. वीस वर्षं लोक येत होते, जात होते, चहा पीत होते, छान ठेवलंय हो घर म्हणत होते. तिचा तो चेहरा मी विसरलो नाही. कदाचित त्या चेहऱ्यामुळेच मी या धंद्यात आलो, निदान मुलाखतीत कुणी विचारलं तर असंच सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. मुलाखत कुणी घेतली नाही ते सोडा. आता खुर्चीत बसून मी तेच वाक्य मनात म्हणत होतो, तुम्ही कुणी बोलला नाहीत. आईला आता परत दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, मधलं दिसायचं गेलं, कडेकडेचं राहिलं. म्हणून माझ्याशी बोलताना ती माझ्या कानाकडे बघते. रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. श्वास घ्यायला थांबलो की ती म्हणते, “पुढे?”

कादंबरी तिच्यावरच आहे, पण ती तिला वाचून दाखवलेली नाही. मी नऊ वर्षांचा असताना ती एक दिवस घरातून गेली होती. सकाळी तिचं आणि बाबांचं मोठं भांडण झालं, कशावरून ते मला आठवत नाही, फक्त बाबांचा आवाज आणि आपटलेलं दार आठवतं. दुपारी ती चपला घालून बाहेर पडली. चार वाजले, पाच वाजले. बाबा लवकर आले, शेजारी विचारून आले, नाक्यापर्यंत जाऊन आले आणि मग खुर्चीत बसून राहिले. मी आणि ताई, म्हणजे माझी सख्खी बहीण, पलंगावर पाय न हलवता बसलो होतो. दिवे लागायच्या वेळी दार उघडलं आणि ती आत आली. सहा तास. ते सहा तास माझ्या आयुष्यात एखाद्या बंद खोलीसारखे राहिले आणि पन्नाशीला आल्यावर त्या खोलीत काय काय असेल ते मी एकशे एक्याऐंशी पानं लिहीत बसलो. माझ्या कादंबरीतली बाई नदीवर जाते, लहानपणीची मैत्रीण तिला भेटते, परत जाऊच नये असं तिला वाटतं, एका रिकाम्या घराची किल्लीसुद्धा तिच्या हातात येते. मग ती परत फिरते, आपल्या दारापाशी येते, दार उघडते आणि. पुढची अडतीस पानं अशी की नवरा रडतो, माफी मागतो, मुलं बिलगतात, आणि नवऱ्याला ती सगळं सगळं सांगते. ती पानं लिहिताना मी फार रडलो होतो. दुकानात, फ्रेमींच्या साठ्यात.

बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे, दिवसभर पाणी का आलं नाही हे ऐकून घेते, त्यामुळे घरी आल्यावर कुणाचं काहीही शांतपणे ऐकू शकते. सगळं ऐकून ती म्हणाली, “मला विचारू नका हं. मी वाचलेलंच नाही, आणि वाचलं असं कधी म्हटलेलंही नाही.” हे खरं होतं. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, अहो, ते तुमच्या आईंवर आहे आणि मला आईंबरोबर राहायचंय, पुस्तकातल्या बाईंबरोबर नाही. तेव्हा मी तीन दिवस रुसलो होतो. आता वाटलं, त्रेचाळीस पाच ताऱ्यांपेक्षा हा एक नकार सरळ होता. मी म्हटलं, “पण एकीने वाचलंय.” “मग तिला शेवट पाठवा की.” “तसाच?” “तसाच म्हणजे? दुसरा आहे का?” ती भाजी चिरत होती आणि तिने वरही पाहिलं नाही, पण तो प्रश्न माझ्याबरोबर जेवायला बसला, हात धुवायला आला आणि दुसऱ्या दिवशी दुकानातही आला.

मी वाचक बाईंना उत्तर लिहिलं. आधी मोठं लिहिलं, ऋणी आहे, भारावलो आहे वगैरे, मग ते सगळं खोडलं आणि लिहिलं की बिघाड तुमच्या फोनमध्ये नाही, चूक माझी आहे, पुढचा भाग आहे, थोडा वेळ द्या. आणि न राहवून विचारलं, तुम्हाला पुस्तक कुठे सापडलं? कारण गेल्या अकरा महिन्यांत मी काय काय केलं होतं. रोज सकाळी कादंबरीतलं एक वाक्य सूर्योदयाच्या फोटोवर टाकून सगळ्यांना पाठवलं होतं. लेखकाशी थेट गप्पा असा कार्यक्रम फोनवरून केला होता, त्याला चार जण आले, त्यांतली एक बायको, तिने स्वयंपाकघरातून चुकून टाळ्यांचं बटण दाबलं होतं. ‘वाचक कसे मिळवाल’ हे दुसऱ्या एका लेखकाचं पुस्तक वाचलं होतं, त्यालाही वाचक मिळाले नव्हते. त्यांतलं काय लागू पडलं हे मला कळायला हवं होतं. दुपारी उत्तर आलं. ‘लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मी फोन घेते. लोक अडकले की आम्हाला फोन करतात. जवळचं दिसेनासं झालं म्हणून चष्म्याच्या दुकानात गेले होते. तिथे एक कार्ड वाचायला देतात, वरून खाली अक्षर बारीक होत जातं. गोष्ट होती. चष्म्याशिवाय तीन ओळी वाचता आल्या, चष्मा लावल्यावर सगळं. तळाला सगळ्यांत बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव होतं. नंबर बरोबर आहे का ते बघायला तेवढं वाचलं, मग घरी येऊन शोधलं. माझी सुट्टी शनिवारी असते. एक पुस्तक पुरं झाल्याशिवाय मी दुसरं घेत नाही, पण शनिवारी रिकामी बसूही शकत नाही. तोपर्यंत थांबते.’

जवळचं वाचायचं जुनं कार्ड फाटलं होतं तेव्हा ते मीच नवीन करून आणलं होतं. त्यावर काहीतरी मजकूर लागतोच, मी कादंबरीचा पहिला परिच्छेद घातला. खोडी म्हणून, लोभ म्हणून, काहीही म्हणा. मालक मला गेलं वर्षभर त्यावरून टोमणे मारतात, “डॉक्टर, तुमचं कार्ड लोक दोनदोनदा वाचतात, एक गिऱ्हाईक उठेपर्यंत दुसरं निघून जातं.” मी डॉक्टर नाही, हे त्यांना सांगायचं मी दहा वर्षांपूर्वी सोडून दिलं. सगळ्या जगाला मी हाका मारत होतो आणि वाचक माझ्या समोर, हातभर अंतरावर, माझ्याच खुर्चीत बसून गेली होती. मी तिला विचारलं असणार, ही बरी की ही? आठवायचा फार प्रयत्न केला. दिवसाला वीसेक चेहरे होतात आणि त्या गोल फ्रेममागे सगळे एकसारखेच दिसतात. मी तिला सांगितलं नाही की तो मीच. सांगितलं असतं तर ती एका ओळखीच्या माणसाचं पुस्तक वाचणारी झाली असती, आणि तसे वाचक माझ्याकडे त्रेचाळीस होते. मला ही एक हवी होती, आणि शनिवारनंतर ती गेली तर परत कुणी येईल असं मला मनातून वाटत नव्हतं.

मंडळात मी खरं काय ते लिहून टाकलं. माझ्या कादंबरीची शेवटची अडतीस पानं अकरा महिने गहाळ होती, आणि मीही तुमची पुस्तकं पुरती वाचलेली नाहीत, मनापासून क्षमा मागतो.  दोन तासांनी एक हात जोडलेलं चित्र आलं, मग एक फूल, मग कुणीतरी लिहिलं, ‘अभिनंदन! असेच लिहीत राहा.’ त्याखाली आणखी नऊ जणांनी अभिनंदन केलं. मी तपासणीच्या खोलीत एकटाच इतका हसलो की मालक डोकावून गेले. संध्याकाळी भूलतज्ज्ञांचा वेगळा फोन आला. “शंभराव्या पानापर्यंत गेलो होतो हो, शपथ,” ते म्हणाले. “मग त्या आठवड्यात रोज तीन-तीन शस्त्रक्रिया होत्या.” मी म्हटलं, मी तुमच्या पुस्तकात अकराव्या पानाच्या पुढे गेलो नव्हतो.  ते हळूच म्हणाले, “एकदा उघडून बघता का? ते तरी पुरतं चढलंय का? मला धीर होत नाही.” मी उघडलं. पुरतं होतं. शेवटचं पान आहे का बघायला गेलो, तर तिथे एक म्हातारा रुग्ण भूल चढता चढता आकडे उलटे मोजत होता आणि चारवर येऊन कुणाचं तरी नाव घेत होता. ते नाव कुणाचं, हे कळेना म्हणून मी पहिल्यापासून वाचायला घेतलं. जाता-येता वाचतो. चांगलं आहे. मधे जरा पसरलंय, पण चांगलं आहे, आणि हे मी त्यांना तसंच कळवणार आहे.

राहिली माझी अडतीस पानं. दुपारी दोन ते चार दुकानात कुणी येत नाही. मी ‘फ्रेमींचा साठा’ उघडला आणि वाचायला लागलो, या वेळी त्या बाईंच्या डोळ्यांनी, म्हणजे जो माणूस लिफ्टमध्ये अडकलेल्याला विचारतो की तुम्ही नक्की कुठल्या मजल्यावर आहात, त्याच्या डोळ्यांनी. दुसऱ्याच पानावर मला अवघडल्यासारखं झालं. बाबा रडले नव्हते. बाबा माफी मागणाऱ्यांतले नव्हते. त्या दिवशी आई आत आली तेव्हा ते फक्त उठून उभे राहिले, त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. आईने चपला काढल्या, तो पेला उचलून पाणी प्यायलं, पदराने तोंड पुसलं आणि गॅस पेटवला. भात झाला, आम्ही जेवलो. कुणी काही विचारलं नाही. ताईने नाही, बाबांनी नाही, मी नाही. दुसऱ्या दिवशी शाळा होती. बस, एवढंच झालं होतं, आणि एवढंच झालं हे मला सहन होत नव्हतं म्हणून मी अडतीस पानं माणसांना रडवत होतो. मी दोन्ही शेवट शेजारी ठेवले आणि स्वतःला विचारलं, हा बरा की हा? गिऱ्हाइकं या प्रश्नाला भितात. त्यांना वाटतं चुकीचं उत्तर दिलं तर चुकीचा चष्मा मिळेल. मी त्यांना नेहमी सांगतो, घाबरू नका, तुम्हाला दिसतंय ते सांगा. मंगळवार ते शुक्रवार, रोज दोन ते चार, मी दिसलं ते लिहिलं. अडतीसची सहा पानं झाली. पेला, पाणी, पदर, गॅस, भात. पलंगावरची दोन मुलं. ‘कुणीही काही विचारलं नाही,’ असं शेवटचं वाक्य लिहिलं आणि शुक्रवारी चारला पाच मिनिटं कमी असताना ती पानं बाईंना पाठवून दिली. लगेच एक बाई मुलीला घेऊन आली आणि मी तक्ता उजळला.

शनिवारी दुकानात गर्दी असते. मी नियम पाळला, फोन काउंटरच्या कप्प्यात ठेवला, आणि त्या कप्प्यासमोरून दिवसभरात किती फेऱ्या मारल्या ते मालकांनी मोजलं असेल. पाच वाजता उत्तर आलं. ‘वाचलं. दोनदा. हेच झालं असणार. मला वाटलं होतं तुम्ही रडारड लिहाल.’  पंचावन्न शब्दांचा तो निरोप होता, मी नंतर मोजले, आणि त्यात एकही तारा नव्हता. खाली लिहिलं होतं, ‘फक्त एक विचारते. ती काही बोलत नाही ते समजलं. नवरा विचारत नाही तेही समजलं, त्याला उत्तराची भीती वाटली असेल. पण तो नऊ वर्षांचा मुलगा तर पहिल्या पानापासून सगळं बघतोय. त्याने का नाही विचारलं? त्या दिवशी नाही तर नंतर? पुस्तक त्याच्याकडेच अडकलंय असं मला वाटतं.’  समोर एक गृहस्थ आरशात बघून ही फ्रेम शोभते का विचारत होते, मी हो म्हटलं, ती त्यांना बिलकूल शोभत नव्हती. चव्वेचाळीस वर्षं. नदी, मैत्रीण, रिकाम्या घराची किल्ली, सगळं मी स्वतःच्या मनाला विचारून घेतलं, अनोळखी माणसांना सूर्योदयाच्या फोटोवरून वाचा वाचा म्हणून विनवलं, आणि जिला माहीत होतं तिला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. मी बाईंना लिहिलं, ‘माहीत नाही. विचारून सांगतो.’ आणि मालकांना सांगून लवकर निघालो.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. वर्तमानपत्र घडी करून माझ्यासाठी स्टुलावर ठेवलेलं होतं. मी ते उचललं, मांडीवर घेतलं आणि उलगडलं नाही. “आज लवकर?” ती माझ्या कानाकडे बघत म्हणाली. मी विचारलं, नऊ वर्षांच्या मुलाने विचारावं तसं. “आई, मी लहान असताना एकदा तुझं आणि बाबांचं भांडण झालं होतं. तू दुपारी गेलीस ती दिवे लागायला आलीस. कुठे गेली होतीस?” तिने मान खाली घातली आणि मला वाटलं, झालं, दुखावलं मी हिला. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. “दोरा आणायला,” ती म्हणाली. “काळा दोरा. भांडण कशावरून झालं होतं? कोटाचं बटण तुटलं म्हणून. मग बटण लावायला दोरा नको?”

“सहा तास?”

“अरे, मला पाट्या कुठे दिसायच्या तेव्हा! आपली बस तिसऱ्या खांबाशी थांबते एवढं ठाऊक. त्या दिवशी रस्ता खणलेला, सगळ्या बसा एकेक खांब पुढे सरकलेल्या. मी आपली बसले तिसऱ्या खांबाशी आली तिच्यात. खूप वेळाने बघते तर दुकानंच येईनात.”

“विचारायचं नाही का कुणाला?”

“विचारलं असतं तर म्हणाले असते, बाई, एवढं मोठं लिहिलंय समोर, दिसत नाही का. शाळेत तेच ऐकलं होतं की मी.” तिने हाताने हवेत काहीतरी बाजूला सारलं. “परत आले तर तुम्ही सगळे असे चिडीचूप. तुझे बाबा पेला घेऊन उभे. मला मेलीला कळेना काय झालं. मग लक्षात आलं, यांना वाटतंय मी घर सोडून गेले होते. म्हटलं, वाटू दे. बस चुकली म्हणून सांगितलं असतं तर बावळट ठरले असते. वर्षभर आवाज चढवला नाही त्यांनी, माहितेय?” ती पुन्हा हसली, आणि मग तिचा चेहरा जरा शांत झाला. “पण कुणी विचारलं असतं ना, तर सांगितलं असतं. मला वाटायचं, तू तरी विचारशील.”

एकशे त्रेचाळीस पानं. नदी गेली, मैत्रीण गेली, किल्ली गेली, सगळी पाण्यात गेली, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की भीती वाटावी. मी हसत होतो की रडत होतो ते मला नक्की सांगता येणार नाही, आणि तिला तर तेवढं दिसतही नव्हतं. दारात बायको येऊन उभी राहिली होती, हातात पाण्याचा पेला, ती तशीच चौकटीला टेकून ऐकू लागली.

“शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले,” आई म्हणाली, “मी आपली बसूनच. मोठं मैदान, रिकाम्या बसा नुसत्या ओळीने उभ्या. तेवढ्यात एक बाई झाडू घेऊन चढली बसमध्ये, माझ्याकडे बघितलं तिने...” ती श्वास घ्यायला थांबली. वर्तमानपत्र माझ्या मांडीवरून खाली घसरलं होतं, ते मी उचललं नाही. मी खुर्ची थोडी कडेला सरकवली, जिथून मी तिला दिसतो तिथे.

“पुढे?” मी विचारलं.